बोल्ट घेताना आधी डोके वाचावे

मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर सुटे बोल्ट घेताना वेगवेगळ्या ताकदीचे नग एकाच खोक्यात मिसळलेले असू शकतात, आणि नुसत्या चकाकीवरून ते ओळखता येत नाहीत.

म्हणून प्रत्येक षट्कोनी डोक्यावर उत्पादकाची खूण आणि ८.८ किंवा १०.९ असा आकडा ठळक उमटला आहे का, हे आधी पाहावे. ८.८ मधील पहिला आकडा ८०० मेगापास्कल ताणशक्ती, म्हणजे तुटण्यापूर्वी बोल्ट सहन करू शकेल तो कमाल ताण, सांगतो, तर दुसऱ्यावरून बोल्ट तिच्या ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ६४० पर्यंत, कायमचा न लांबता टिकतो असे समजते. मग खात्रीचा नट बोटांनीच सर्व आट्यांवरून फिरवावा. एम १० मध्ये, म्हणजे १० मिलिमीटर व्यासाच्या बोल्टमध्ये, १.५ आणि १.२५ मिलिमीटर असे दोन्ही पिच (लगतच्या दोन आट्यांमधले अंतर) मिळतात, त्यामुळे नट अडल्यास पाना लावू नये.

१२.९ च्या बोल्टला गंजू नये म्हणून नंतर झिंकचा मुलामा मात्र देऊ नये. त्या प्रक्रियेत पोलादात हायड्रोजन शिरल्यास बोल्ट आवळल्यानंतर काही तासांनीही अचानक तुटू शकतो.