ग्रुपमध्ये नियम मोडणाऱ्याला कळवताना या चुका टाळा

मेसेज उडवला की आपलं काम झालं, असं गावाकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांचे बहुतेक अ‍ॅडमिन धरून चालतात. ग्रुप कापूस-तुरीचा असो, संत्रा बागायतदारांचा असो की गावाच्या पाणीपुरवठ्याचा, दुसऱ्या दिवशी चौकात प्रश्न एकच असतो: "माहा मेसेज काहून काढला? त्याचा ठेवला, माहाच बरा दिसला!" अ‍ॅडमिन म्हणतो, नियम वरच लिहून ठेवले आहेत, वाचायचे ना. बाप्पा, वर लिहिलेलं कोणी वाचत असतं तर अ‍ॅडमिन लागलाच नसता.

काढून टाकणं आणि कळवणं ही दोन वेगळी कामं आहेत. २०२२ पासून अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी काढता येतो. काढला की त्या जागी अमुक अ‍ॅडमिनने मेसेज काढला, अशी ओळ उरते आणि ती सगळ्यांना दिसते. ज्याचा मेसेज होता त्याला वेगळं काही जात नाही. कोणता नियम मोडला, पुढे काय करायचं, दुरुस्त करून पुन्हा टाकता येईल का, यातलं काहीच त्याला कळत नाही. त्याला दिसतं फक्त तुमचं नाव. गावात तेवढं पुरतं. तुमचा धुरा त्याच्या वावराला लागून असेल किंवा मागच्या ग्रामपंचायतीला तुम्ही दुसऱ्या पॅनलमध्ये असाल, तर कारण तो स्वतःच ठरवून मोकळा होतो.

म्हणून क्रम पाळा. आधी त्या मेसेजचा स्क्रीनशॉट घ्या, तारीख, वेळ आणि नाव दिसेल असा. मग मेसेज दाबून धरा, वरच्या तीन टिंबांत 'रिप्लाय प्रायव्हेटली' असतं, ते निवडा. यामुळे त्याचाच मेसेज वर जोडून तुमचं उत्तर त्याच्या खासगी खिडकीत जातं आणि "कोणता मेसेज जी?" हा प्रश्न उरत नाही. ते पाठवल्यावरच ग्रुपमधला मेसेज काढा. आधी काढला तर ही सोय जाते, कारण काढलेल्या मेसेजला उत्तर देता येत नाही. मग अ‍ॅडमिन बसतात आठवणीतून लिहीत, "तुम्ही काल काहीतरी जाहिरात टाकली होती", आणि समोरचा म्हणतो, मी टाकलीच नव्हती. तीस सेकंदांच्या घाईपायी तीन दिवसांचा वाद.

कळवण्याच्या मजकुरात चार गोष्टी पुरतात: कोणता मेसेज, कोणता नियम, काय केलं, आता त्याने काय करायचं. नमुना असा:

"रामराम काकाजी. काल रात्री ८:४० ला टाकलेली लोन अ‍ॅपची लिंक ग्रुपमधून काढली आहे. नियम ३ प्रमाणे कर्जाच्या जाहिराती चालत नाहीत. बाकी तुमचे प्रश्न, फोटो नेहमीसारखे टाकत राहा. काही विचारायचं असेल तर संध्याकाळी ७ नंतर फोन करा."

एवढंच. "वारंवार सूचना देऊनही" हे शब्द पहिल्याच वेळी लिहू नका, ते खरंही नसतं. "आपल्यासारख्या सुशिक्षित माणसाकडून ही अपेक्षा नव्हती" हे तर अजिबात नको, त्यात सूचना कमी आणि टोमणा जास्त. "कडक कारवाई करण्यात येईल याची नोंद घ्यावी" ही तहसीलच्या नोटिशीची भाषा शेजाऱ्याशी वापरली की तो वाचतो ती भाषाच, नियम वाचत नाही. वयाने मोठ्याला काकाजी, मामाजी, बरोबरीच्याला भाऊ, बाईमाणसाला ताई. लिहिताना धरून चाला की हे चार गावांत वाचलं जाणार आहे, कारण खासगी मेसेजचा स्क्रीनशॉट ग्रुपवर यायला पाच मिनिटं लागतात. स्क्रीनशॉट आला तरी लाज वाटणार नाही, असंच वाक्य पाठवा.

दुसरी चूक पहिलीपेक्षा महागात पडते: भर ग्रुपमध्ये नाव घेऊन झापणं. ती दर वेळी एकाच चालीने जाते. सकाळी नऊला कोणीतरी 'फॉरवर्डेड मेनी टाइम्स'चा दुहेरी बाण असलेला जुना व्हिडिओ टाकतो. सव्वानऊला अ‍ॅडमिन त्याला टॅग करून लिहितो, "असले फालतू मेसेज टाकू नका." साडेनऊला त्याचा भाचा विचारतो, परवा तुम्ही वाढदिवसाचे फोटो टाकले ते कोणत्या नियमात बसतात? दहापर्यंत मेसेज साठच्या वर जातात. अकराला कोणी जातीवर येतो. तोपर्यंत वर्धेकडच्या माणसाचा पऱ्हाटीच्या (कापसाच्या) पात्या गळण्याचा प्रश्न इतका वर गेलेला असतो की त्याला उत्तर मिळत नाही. दुपारी अ‍ॅडमिन चिडून एकाला काढतो, त्याच्यासोबत अकरा जण आपणहून निघतात आणि संध्याकाळी 'खरा शेतकरी ग्रुप' नावाचा नवा ग्रुप तयार. मूळ व्हिडिओ मात्र अजून तिथंच असतो, तो काढायचं कोणाच्या ध्यानातच राहत नाही.

नाव न घेता मारलेला टोमणा त्याहून वाईट. "काही लोकांना सांगून समजत नाही" असं लिहिलं की ज्याच्यासाठी लिहिलं तो सोडून वीस जणांना ते आपल्यालाच वाटतं.

यात एक अपवाद आहे आणि तो नीट समजून घ्यावा. माणसाला खासगीत सांगायचं, पण चुकीची माहिती सगळ्यांसमोर दुरुस्त करायची. कोणी ऑगस्ट-सप्टेंबरात तीन-चार कीटकनाशकं एका पंपात मिसळायचा 'हमखास' डोस टाकला, तर नुसता मेसेज काढून भागत नाही. तेवढ्या वेळात कोणीतरी तो वाचून टाकीत ओतलेला असू शकतो. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हा न तपासलेल्या मिश्रणांचा विषयही चर्चेत होता. अशा वेळी मेसेज लगेच काढा आणि ग्रुपवर नाव न घेता लिहा: "सकाळी ग्रुपवर आलेला फवारणीच्या मिश्रणाचा डोस वापरू नका. डब्यावरच्या लेबलाप्रमाणेच प्रमाण घ्या. कोणी फवारलं असेल आणि मळमळ, डोळ्यांची जळजळ, चक्कर असेल तर डबा सोबत घेऊन दवाखान्यात जा." मग ज्याने टाकला त्याला वेगळा फोन. बहुतेकदा तो बिचारा भलं करायलाच गेलेला असतो.

चोर बीटीच्या, म्हणजे तणनाशक सहन करणाऱ्या बेकायदा कापसाच्या बियाण्याची जाहिरात आली तर तिथं समजुतीचा सूर नको. अशा कापसाला देशात लागवडीची परवानगी नाही. मेसेज काढायचा, विक्रेत्याला एका ओळीत सांगायचं की पुन्हा दिसला तर ग्रुपबाहेर.

आता भीतीपोटी होणाऱ्या चुकीबद्दल. "अ‍ॅडमिनवर केस होते" असं कोणीतरी सांगतं आणि नवा अ‍ॅडमिन शहानिशा न करता माणसं काढत सुटतो. ही भीती ज्या प्रकरणावरून मोजता येते ते आपल्याच गोंदिया जिल्ह्यातलं आहे. एका ग्रुपमध्ये एका सदस्याने महिला सदस्याबद्दल घाणेरडी भाषा वापरली. अ‍ॅडमिनने त्याला काढलं नाही, माफी मागायलाही सांगितलं नाही, असा आरोप होता आणि २०१६ मध्ये अ‍ॅडमिनवरही गुन्हा दाखल झाला. १ मार्च २०२१ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने अ‍ॅडमिनविरुद्धची ती कारवाई रद्द केली. न्यायालयाने सांगितलं ते थोडक्यात असं: अ‍ॅडमिनकडे माणूस घेण्याचा आणि काढण्याचा मर्यादित अधिकार असतो, मजकूर येण्याआधी तो रोखू शकत नाही, त्याचा त्या सदस्याशी समान हेतू किंवा आधी ठरलेला बेत दाखवता आला नाही, तर दुसऱ्याच्या मेसेजसाठी त्याला जबाबदार धरता येणार नाही.

याचा अर्थ अ‍ॅडमिनने हातावर हात धरून बसावं असा नाही. निकाल लागेपर्यंत पाच वर्षं गेली, ती कोणाला नको असतात. बाईमाणसाबद्दल घाण लिहिलं तर तिथं पहिली समज, दुसरी समज असली पायरी नाही. स्क्रीनशॉट घ्या, मेसेज काढा, त्याला बाहेर करा, त्याला कारण एका ओळीत खासगीत लिहा. आणि जे निम्मे अ‍ॅडमिन विसरतात ते: ज्या ताईबद्दल लिहिलं गेलं, तिलाही कळवा की काय केलं आणि तिला तक्रार करायची असेल तर स्क्रीनशॉट तुमच्याकडे आहे. नियम मोडल्याचं कळवणं म्हणजे फक्त मोडणाऱ्यालाच कळवणं नव्हे.

मोबाईल कोणाच्या हातात आहे हे न विचारता सुनावणं ही खास गावाकडची चूक. नंबर आबाजींचा, बोटं नातवाची. रात्री साडेदहाला रीळ टाकणारा माणूस सत्तर वर्षांचा असेलच असं नाही. लिहिण्याआधी एक फोन करा. ज्यांना वाचायची सवय नाही त्यांना वीस सेकंदांचा व्हॉइस मेसेज बरा पडतो, पण त्याच्या मागोमाग दोन ओळी लिहूनही टाका. घरातलं शिकलेलं पोर ते वाचून दाखवतं आणि नोंदही राहते.

याच चुकीचा वाईट अवतार म्हणजे 'पीएम किसान' किंवा लग्नपत्रिकेच्या नावाने येणारी एपीके फाइल, म्हणजे उघडली की फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल. ती टाकणारा नियम मोडत नसतो, त्याचा फोन दुसऱ्याच्या ताब्यात गेलेला असतो आणि फाइल आपोआप पुढे जाते. त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर समज लिहिली तर ती तो भामटाच वाचेल. साधा फोन लावा. नेट बंद करायला सांगा, ते अ‍ॅप काढायला सांगा, बँकेला कळवायला सांगा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडून अनोळखी उपकरण दिसलं तर लॉग आउट. इकडे ग्रुपवर "ही फाइल उघडू नका" एवढं लिहून ती ओळ सात दिवसांसाठी पिन करा. त्या माणसाला तेवढ्यापुरतं ग्रुपबाहेर काढणं रास्त आहे, पण का काढतो आहोत हे फोनवर आधी सांगून.

एकाच्या चुकीसाठी 'ओन्ली अ‍ॅडमिन्स' लावून सगळ्यांचं तोंड बंद करू नका. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये एकाच सदस्याला गप्प करायची सोय नाही (टेलिग्राममध्ये ठरावीक मुदतीसाठी आहे), म्हणून आळशी अ‍ॅडमिन हे बटण दाबतात. बोंडअळीच्या आठवड्यात हे केलं तर ग्रुप असून नसल्यासारखा.

रागात असाल तर कळवू नका. रात्रीची लाइन असली की ओलितावर असलेला माणूस दीडलाही मेसेज वाचतो आणि दीडलाच उत्तर देतो. सकाळी लिहा.

दोन अ‍ॅडमिननी एकाच माणसाला दोन वेगळी कारणं सांगू नयेत. आठवड्याला एकच अ‍ॅडमिन कळवण्याचं काम बघेल असं ठरवा आणि एक साधी वही ठेवा: तारीख, नंबरचे शेवटचे चार आकडे, नियम क्रमांक, काय सांगितलं, कोणी सांगितलं. एक्सेलच्या भानगडीत पडू नका, वही बरी. "माहाच बरा दिसला" म्हणणाऱ्याला त्याच नियमात काढलेले बाकीचे मेसेज त्यातून सांगता येतात, नावं न सांगता. आणि हो, त्यात अ‍ॅडमिनच्या साळ्याचाही एखादा असावा.

जो नियम लिहिलेलाच नाही तो मोडल्याचं कळवू नका, विनंती करा. ग्रुपच्या माहितीत २,०४८ अक्षरं बसतात, पण पाच-सहा क्रमांकित नियमांच्या वर जाऊ नका. "बाजारभाव टाकताना तारीख, बाजारपेठ आणि कापसाचा ओलावा लिहा" हा नियम असा स्पष्ट असेल तर कळवताना एवढंच लिहावं लागतं: "भाऊ, हिंगणघाटचा भाव कोणत्या तारखेचा? ओलावा टाकून पुन्हा पाठवा." इथं मेसेज काढायचीही गरज नाही. पाठवल्यापासून १५ मिनिटांच्या आत असेल तर तो स्वतःच एडिट करू शकतो, हे सांगितलं की बहुतेक जण करतात.

शेवटी काढण्याची वेळ आलीच, तर आधी सांगा, मग काढा. माझी पद्धत अशी: पहिल्यांदा आठवण, महिनाभरात पुन्हा झालं तर लेखी समज, त्यात तिसऱ्या वेळी काय होईल ते स्पष्ट, आणि तिसऱ्यांदा १५ दिवस बाहेर. "१५ दिवसांनी लिंकवरून परत या" असं मात्र लिहू नका. अ‍ॅडमिनने काढलेल्या माणसाला लिंकवरून परत येता येत नाही, अ‍ॅडमिननेच त्याला घ्यावं लागतं. त्याच्या प्रायव्हसी सेटिंगमुळे थेट घेता आलं नाही तर त्याला खासगी आमंत्रण जातं, ते त्याने मुदतीत स्वीकारायला हवं. म्हणून काढतानाच वहीत परत घेण्याची तारीख लिहा, आणि त्या सकाळी त्याच्या फोनची वाट न बघता स्वतःच त्याला परत घ्या.