भाड्याने द्यायला फ्लॅट घेताय? कर्ज कोणतं, हे असं ठरवा

‘भाड्यातूनच हप्ता सुटेल’ हे वाक्य दलालाकडून ऐकलं असेल, तर आधी कागद-पेन घ्या. पुण्यातला ६० लाखांचा तयार फ्लॅट धरू, भाडं महिना १८,०००.

१. खिशातली रक्कम काढा. ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळतं. म्हणजे ४८ लाख बँकेचे, १२ लाख तुमचे. मुद्रांक शुल्क त्या ८० टक्क्यांत धरत नाहीत. पुण्यात ते साधारण ७ टक्के, म्हणजे ४.२ लाख (खरेदी बाईच्या नावावर असेल तर एक टक्का सूट), वर नोंदणीचे ३०,०००. एकूण साडेसोळा लाख रोख लागणार.

२. भाडं खरं किती, ते पाहा. बारा महिने भाडं येतं असं धरू नका. भाडेकरू बदलताना एक महिना रिकामा जातोच. ११ महिन्यांचे १,९८,००० होतात. मेंटेनन्स आणि भाडेकरू ठेवल्याबद्दल सोसायटी घेते ते नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस मिळून महिना ३,००० धरले, तर हातात उरतात १,६२,०००, म्हणजे महिन्याला १३,५००. सगळा खर्च धरून साडेचौसष्ट लाख गुंतवल्यावर हे वर्षाला जेमतेम अडीच टक्के होतात! म्हणून असा फ्लॅट भाड्यासाठी नाही, किंमत वाढेल या आशेवर घेतला जातो. ती आशा तुम्हाला त्या भागात किती वाटते, ते तुम्ही ठरवा.

३. आता पर्याय शेजारी-शेजारी मांडा.

साधं गृहकर्ज: ८.५ टक्के, २० वर्षं धरली तर हप्ता सुमारे ४१,६५०. भाड्यातले १३,५०० वजा केले की दर महिन्याला २८,००० पदरचे घालायचे. खरी तुलना या आकड्याची करा, व्याजदराची नंतर.

दुसरं घर तारण ठेवून मॉर्गेज लोन: समजा १० टक्के, १५ वर्षं. तेवढ्याच ४८ लाखांना हप्ता ५१,५००च्या पुढे जातो. गृहकर्ज मिळत असताना हा रस्ता धरू नये. दुकानाचा गाळा घ्यायचा असेल तर विचार करा.

राहत्या घराच्या कर्जावर टॉप-अप (चालू कर्जावरच घेतलेलं वाढीव कर्ज): पहिले साडेसोळा लाख कमी पडत असतील तेव्हा उपयोगी. मात्र पैसे घरखरेदीलाच वापरले याचे कागद जपा, कारण व्याजाची वजावट मागताना तेच दाखवावे लागतात.

एफडीवर कर्ज: मुद्रांक शुल्कापुरतं, काही महिन्यांसाठी उत्तम. एफडी मोडावी लागत नाही. पर्सनल लोन काढून डाउन पेमेंट भरायचा विचार मात्र सोडाच; दोन हप्ते एकदम सुरू होतात.

४. कराचं गणित वेगळं करा. पहिल्या वर्षी ४८ लाखांवर व्याज चार लाखांच्या आसपास. भाड्यातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते, मग व्याज वजा होतं, आणि तोटा उरतोच. जुन्या करप्रणालीत त्यातले २ लाखांपर्यंत पगाराच्या उत्पन्नातून वळते करता येतात. नव्या करप्रणालीत नाही. ‘टॅक्स वाचेल’ असं सांगणाऱ्याला कोणत्या प्रणालीत, ते विचारा.

५. सही करण्याआधी. बँकांचं फ्लोटिंग गृहकर्ज २०१९ पासून बाह्य दराशी, बहुतेक ठिकाणी रेपोशी (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते त्या दराशी), बांधलेलं आहे. २०२५ मध्ये रेपो ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आला, तेव्हा अशा कर्जदारांचं व्याज त्याबरोबर उतरलं. हाउसिंग फायनान्स कंपन्यांवर ही सक्ती नाही, त्या स्वतःच्या दराने चालतात. तेव्हा रेपोवर किती टक्के जास्त लावणार, ते लेखी घ्या. मुख्य माहितीपत्रक (केएफएस) मागा: प्रोसेसिंग फी वगैरे धरून वार्षिक दर किती पडतो, तो त्यात लिहिलेला असतो. दोन बँकांचे तेच आकडे समोरासमोर ठेवा.

महिना २८,००० झेपत नसतील, तर मुदत वाढवू नका, कर्ज कमी करा. २५ लाखांच्या कर्जाला हप्ता सुमारे २१,७०० पडतो आणि पदरचे ८,२०० जातात. त्यासाठी साडेएकोणचाळीस लाख हाताशी हवेत. ते नसतील, तर लहान फ्लॅट बघा.