चिनी मंदिरात नवसाची पाटी कशी लिहावी, कशी टांगावी

चिनी मंदिरांच्या आवारात लाल गोंडे लावलेल्या लाकडी पाट्या ओळीने टांगलेल्या दिसतात. पाटीला 'शू-युआन-पाय' म्हणतात, म्हणजे नवसाची पाटी. कुठे 'छी-फू-पाय', म्हणजे मंगलप्रार्थनेची पाटी. हे देवाच्या नावाने लिहिलेले पत्र आहे असे धरून चाला. चिनी समजुतीत देवांचा दरबारही खाती आणि दफ्तरे घेऊन बसलेला असतो. नाव-गाव नसलेला अर्ज तिथे कुणाच्या खात्यात मांडणार?

आधी देव ठरवा, मग पाटी. परीक्षेसाठी वनछांग, लग्न जुळावे म्हणून युएलाओ, आजारपण किंवा मूल यासाठी ग्वानयिन, पैशासाठी त्साइशन, धंदा आणि सचोटी यासाठी ग्वान गोंग. बीजिंगच्या कन्फ्यूशियस मंदिरात बहुतेक पाट्या परीक्षेच्याच असतात. ७ जूनला सुरू होणाऱ्या महाविद्यालय-प्रवेश परीक्षेच्या आधी तर विशेषच.

पाटी मंदिराच्या काउंटरवर मिळते. तिथे 'विकत घेणे' हा शब्द टाळतात. 'छिंग' म्हणतात, म्हणजे मानाने बोलावून आणणे; आपण गणपती 'विकत घेतला' न म्हणता 'आणला' म्हणतो तसे. दारापुढे कुणी हातात फुकट पाटी कोंबली तर घेऊ नका, पैसे नंतर मागितले जातात. काही पाट्यांवर 'फिंग-आन' (सुखरूपपणा) किंवा 'शुए-ये-यौ-छंग' (अभ्यासात यश) असे छापलेले असते. आपल्या मागण्याशी जुळेल ती निवडा.

बौद्ध मंदिरांत एक चूक मात्र फार जड पडते. तिथे भिंतीवर कागदी पाट्याही लावतात. लाल पाटी जिवंत माणसाच्या दीर्घायुष्यासाठी, पिवळी पाटी मृताच्या सद्गतीसाठी. आपल्याला पिवळा म्हणजे हळदीचा, शुभ रंग वाटतो आणि हात नेमका तिकडे जातो. पिवळ्या पाटीवर मधोमध मृताचे नाव आणि खाली बाजूला लहान अक्षरांत पाटी लावणाऱ्या जिवंत माणसाचे नाव येते. ही जागांची अदलाबदल झाली की जिवंत माणूस मृतांच्या रांगेत बसतो. आजोबांसाठी छिंगमिंगला (पूर्वजांच्या स्मरणाचा सण, ४–५ एप्रिलच्या सुमारास) किंवा सातव्या चांद्रमासाच्या पंधराव्या दिवशी पाटी लावायची असेल तर नाव लिहून काउंटरवर द्या आणि त्यांच्याकडूनच भरून घ्या.

लाकडी पाटीसाठी काळा पर्मनंट मार्कर वापरा. रंगरोगण केलेल्या लाकडावर जेल पेन धरत नाही, पहिल्या पावसात अक्षरे ओघळतात. पेन्सिल तर लवकरच पुसट होते. माणसाचे नाव लाल शाईने कधीच लिहू नये, ते अशुभ मानतात. पारंपरिक पद्धत वरून खाली, उजवीकडून डावीकडे अशी आहे, पण देवनागरी आडवी लिहिली तरी कुणी हरकत घेत नाही. क्रम असा ठेवा: नाव, जन्मतारीख (चांद्र तिथी माहीत असेल तर ती), गाव व देश, मग मागणे, शेवटी आजची तारीख. एका पाटीवर एकच मागणे, आणि तेही मुदतीसह. 'सगळे चांगले होवो' यापेक्षा 'यंदाच्या परीक्षेत उत्तीर्ण व्हावे' हे बरे. फोन नंबर किंवा पासपोर्ट क्रमांक लिहू नका. पाट्यांचे फोटो काढणारे पर्यटक भरपूर असतात. शाई दोन मिनिटे वाळू द्या.

मग आत जा. मंदिराकडे तोंड केल्यावर उजवे दार प्रवेशाचे, डावे बाहेर पडण्याचे. उंबरठ्यावर पाय ठेवू नका, ओलांडा. उदबत्त्या तीन. ज्योत फुंकर मारून विझवायची नाही, हाताने हलवून विझवायची. हांगझोऊचे लिंगयिन आणि बीजिंगचे योंगहगोंग ही मंदिरे उदबत्त्या मोफत देतात, म्हणून दाराबाहेरची महागडी जुडी घेण्याचे कारण नाही. पाटी दोन्ही हातांत धरून नाव आणि मागणे मनात एकदा सांगा, आणि नेमून दिलेल्या कठड्यालाच दोरीची पक्की दुहेरी गाठ मारून टांगा.

झाडाला नको. हाँगकाँगच्या लाम त्सुएनमध्ये लोक संत्र्याला बांधलेला कागद वडाच्या झाडावर फेकत. फेब्रुवारी २००५ मध्ये फांदी तुटून दोघे जखमी झाले. आता तिथे कागद लाकडी चौकटीला बांधतात, आणि फेकायचेच असेल तर प्लास्टिकचे संत्रे नकली झाडावर.

मागणे पुरे झाले की 'ह्वान-युआन', म्हणजे नवस फेडणे. फळे आणि उदबत्ती घेऊन यायचे, देवाला सांगायचे, आभार मानायचे. जुनी पाटी शोधून काढायची नसते. अनेक मंदिरे ठरावीक काळाने पाट्या उतरवून विधिपूर्वक जाळतात. शक्यतो त्याच मंदिरात परतावे, म्हणून भारतातून गेलेल्याने नवस बोलतानाच विमानभाड्याचा विचार करावा. त्याच देवाच्या दुसऱ्या मंदिरात आभार मानले तरी चालते असे बरेच भाविक मानतात. ग्वान गोंगला बोलला असाल तर मुंबईत माझगावचे सी यिप मंदिर आहे, १९१९चे.