मीठ गेलं कुठे? इंदूरच्या पहिल्या उन्हाळ्यात माझ्या रीफ टाकीचं काय झालं

रीफ टाकी म्हणजे समुद्री मासे आणि प्रवाळ पाळायची खाऱ्या पाण्याची टाकी. नायट्रोजन सायकल (माशांच्या घाणीतला अमोनिया बॅक्टेरिया संपवतात ती प्रक्रिया) म्हणजे काय, टाकी भरल्यावर चार-सहा आठवडे मासा का सोडायचा नाही, स्किमर (पाण्यातली घाण फेसाबरोबर काढणारं यंत्र) कशासाठी लागतो, हे तुम्ही वाचलेलं असणार. त्यात मी शिरत नाही. मला मे महिन्यातल्या दहा दिवसांबद्दल सांगायचं आहे.

टाकी तीन फुटांची, सम्प (टाकीला जोडलेली खालची छोटी टाकी) धरून २०० लिटर पाणी, राजेंद्रनगरला आई-बाबांच्या घरी. जुलैत सुरू केली. पावसाळा गेला, थंडी गेली, सगळं छान होतं. दोन क्लाउनफिश, थोडे झोअँथिड आणि मश्रूम (दोन्ही दगडाला चिकटून राहणारे, प्रवाळांच्या नात्यातले मऊ जीव) आणि एक क्लीनर श्रिंप, म्हणजे माशांची सफाई करणारी कोळंबी. लाल अंगावर पाठभर पांढरा पट्टा. काच पुसायला हात घातला की ती दगडावरून उतरून यायची, बोटांवर चढायची आणि इवल्या नांग्यांनी नखांच्या कडा कुरतडून साफ करायची. ऑफिसातून कितीही उशिरा आले तरी मी एकदा हात घालायचेच.

एप्रिलमध्ये पाण्याचं तापमान ३० च्या पुढे जायला लागलं. चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) परवडणारा नव्हता, म्हणून सम्पवर पंखा लावला. पंखा पाण्याची वाफ करून थंडावा देतो, आणि आपल्या माळव्याची उन्हाळी हवा इतकी कोरडी की तो झकास चालतो. पाणी २६-२७ वर आलं. पण थंडीत दिवसाला जेमतेम लिटरभर उडणारं पाणी आता चार लिटर उडायला लागलं. मुंबईची मंडळी सांगतात ते इथे जसंच्या तसं लागू पडत नाही, ते यामुळे. तिथल्या दमट हवेत पाणी कमी उडतं आणि पंख्याचा उपयोगही कमी होतो. गुरू करायचाच असेल तर असा करा, ज्याने समुद्रापासून लांब, कोरड्या गावात निदान दोन उन्हाळे टाकी जगवली आहे. बाकीच्यांचं ऐका जरूर, पण हातात कॅन घेण्याआधी थांबा.

पाणी उडतं तेव्हा मीठ टाकीतच राहतं, म्हणून भर नेहमी गोड्या पाण्याची, म्हणजे आरओ-डीआयच्या (आरओ फिल्टर आणि डीआय रेझिनमधून काढून क्षार घालवलेल्या) पाण्याची घालायची. हे मला पाठ होतं आणि मी तसंच करत होते. मग एके दिवशी हायड्रोमीटरचा (पाण्याच्या घनतेवरून क्षार सांगणाऱ्या उपकरणाचा) काटा १.०२१ वर दिसला. हवं १.०२५-१.०२६. दोनदा मोजलं, तेच. ज्या दुकानातून मासे घेतले तिथे विचारलं. ते म्हणाले, क्षार कमी पडतोय, आता काही दिवस भर खाऱ्या पाण्याची घाल. मी घातली. काटा रोज थोडा वर सरकायचा. दहाव्या दिवशी १.०२५ वर आला आणि मला हायसं वाटलं.

आता हा हिशेब नीट बघा. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार. २०० लिटरमध्ये झाले ७ किलो. मी रोज चार लिटर खारं पाणी घातलं, म्हणजे रोज १४० ग्रॅम मीठ जास्तीचं. दहा दिवसांत १,४०० ग्रॅम. पाणी तेवढंच, २०० लिटर, आणि क्षार ८.४ किलो, म्हणजे लिटरला ४२ ग्रॅम. खरा आकडा १.०३१ च्या पुढे गेला होता आणि माझा काटा १.०२५ दाखवत होता.

काटा का चुकला? त्या प्लॅस्टिकच्या काट्यावर क्षारांचा पातळ, नखाला खरखरीत लागणारा थर बसला होता. थराने काटा जड होतो आणि खाली राहतो. (काट्याला हवेचे बुडबुडे चिकटले तर उलटं होतं, तो वर उचलला जातो.) टाकीतलं मीठ कधी कमी झालंच नव्हतं. पण काटा चुकू शकतो हे माहीत नसतानाही एक प्रश्न मला पडायला हवा होता: मीठ गेलं कुठे? मासे मीठ खात नाहीत. ते हवेत उडत नाही. मीठ टाकीबाहेर जातं ते फक्त पाण्याबरोबर: पाणी बदलताना, स्किमरच्या कपातून, गळतीतून, किंवा काठावर शिंतोडे वाळून. यातलं काही झालेलं नसेल आणि तरी क्षार घसरलेला दिसत असेल, तर आधी उपकरण तपासा. टाकीत काहीही घालू नका. टाकी चांगली चाललेली असताना एका आकड्यावर तिला दुरुस्त करायला धावू नका. एवढी एक गोष्ट मला तेव्हा कोणी सांगितली असती तर!

चौथ्या-पाचव्या दिवसापासून झोअँथिड मिटून बसले होते, मश्रूम आक्रसले होते, क्लाउनफिश जोरजोरात कल्ले हलवत होते. मी ते उन्हावर ढकललं. शेवटी लोकमान्यनगरच्या एका काकांनी त्यांचा रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून प्रकाश किती वळतो त्यावरून लिटरला किती ग्रॅम क्षार ते सांगणारं उपकरण) दिला. चार थेंब टाकून उजेडाकडे धरला आणि निळ्या-पांढऱ्याची रेघ पाहिली. ४२. पुसून पुन्हा पाहिलं. ४२.

आणि मग घाबरून मी दुसरी चूक केली, पहिलीपेक्षा वाईट. टाकीतून पंधरा लिटरच्या दोन बादल्या पाणी काढलं आणि अर्ध्या तासात तेवढंच आरओचं पाणी ओतलं. ४२ वरून एकदम ३६ च्या खाली. मासे असा उतार पुष्कळदा सोसतात. माझेही तगले. कोळंबी-गोगलगायींना तो सोसत नाही. सकाळी श्रिंप दगडाच्या फटीशी आडवी पडली होती, अंगाचा काचेसारखा पारदर्शकपणा जाऊन शिजल्यासारखी दुधी झालेली. त्या दिवशी मी ऑफिसला गेले नाही.

बादल्या गॅलरीत तशाच होत्या. हायड्रोमीटर रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवला, धुतला आणि बादलीतल्या पाण्यात धरला. आता तोच काटा १.०३१ च्या वर गेला.

तुमच्याकडे असं झालं असेल तर घाबरू नका, टाकी वाचते. दोनशे लिटरला रोज पाच लिटर खारं पाणी काढा आणि पाच लिटर आरओ-डीआयचं हळूहळू सोडा. दिवसाला एक ग्रॅमच्या आसपास उतार पडतो. आठवडाभर लागेल, लागू द्या. रिफ्रॅक्टोमीटर घ्या आणि तो ३५ च्या प्रमाणित द्रावणाने जुळवा. नुसत्या आरओच्या पाण्याने शून्य जुळवलं की भागतं, असं दुकानात सांगतील. शून्य बरोबर असूनही ३५ पाशी तो चुकू शकतो.

पाण्याबद्दल थोडक्यात. घरच्या पिण्याच्या आरओला टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असेल तर तो चवीसाठी कच्चं पाणी परत मिसळतो. नर्मदेचं असो की बोअरचं, ते टाकीत नको. डीआय रेझिन लावा, टीडीएस मीटरवर ० आलं पाहिजे.

‘लाइव्ह रॉक’ म्हणून कोणी समुद्रातून काढलेला प्रवाळाचा दगड देऊ केला तर घेऊ नका. दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. कोरडा कृत्रिम दगड स्वच्छ असतो, फक्त त्यात बॅक्टेरिया बसायला वेळ लागतो. बॅक्टेरियाची बाटली वापरायला माझी हरकत नाही, पण ‘पाच दिवसांत टाकी तयार’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, अमोनिया स्वतः मोजा. क्लाउनफिश हॅचरीतलाच मागा. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ते पैदा करण्याचं तंत्र बसवलेलं आहे, तेव्हा समुद्रातून पकडलेला घ्यायचं कारण उरत नाही. आणि झोअँथिडला हात लावताना हातमोजे आणि चष्मा. ते चिकटलेला दगड कधीही उकळायचा नाही. काहींमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं आणि त्याच्या वाफेने घरातलं माणूस दवाखान्यात जाऊ शकतं.

खारं आणि गोडं पाणी मी आधी एकसारख्या पांढऱ्या कॅनमध्ये ठेवत असे. आता गोड्याचा कॅन निळ्या झाकणाचा आहे आणि तो सम्पशेजारी असतो. खाऱ्याचा गॅलरीत, दाराआड. मी नसले की भर आई घालते, म्हणून तिने स्वतःच निळ्या झाकणाच्या कॅनवर मार्करने ठळक ‘गोडं’ लिहिलं आहे. सम्पच्या काचेवर लाल टेप आहे, सकाळ-संध्याकाळ पाणी त्या रेघेला आणायचं. दिवाळीनंतर नवी श्रिंप आणली, तीन तास थेंब थेंब पाणी सोडून सरावली आणि मग टाकीत गेली. ती अजून हातावर येत नाही. दगडामागून नुसत्या लांब पांढऱ्या मिशा हलताना दिसतात.