युरोपात अपघात, कायदा कुठल्या देशाचा? या चुका टाळा

म्युनिकला राहणारं मराठी कुटुंब सुट्टीत स्पेनला जातं, गाडी भाड्याने घेतं आणि दुसरी गाडी येऊन धडकते. घरी परतल्यावर पहिली चूक होते ती इथे: ‘दावा जर्मनीत लावतोय, म्हणजे कायदाही जर्मनीचाच.’

कोर्ट कुठलं आणि कायदा कुठला, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. समोरच्याच्या स्पॅनिश विमा कंपनीवर तुम्ही जर्मनीत, आपल्या गावच्या कोर्टात दावा लावू शकता. युरोपीय न्यायालयाने २००७ मध्येच ते मान्य केलं आहे. पण अशा नुकसानीच्या दाव्यांना कुठला कायदा लागतो हे ठरवणाऱ्या युरोपीय संघाच्या ‘रोम दोन’ नियमावलीच्या कलम ४ नुसार इजा जिथे झाली, तिथला कायदा लागतो. म्हणजे जर्मन न्यायाधीश, स्पॅनिश कायदा. आणि दावा लावण्याची मुदतही स्पॅनिशच! जर्मनीत साधारण तीन वर्षं मिळतात, स्पेनमध्ये एकच. खरा, भक्कम दावा केवळ यापायी बुडावा, याचं फार वाईट वाटतं. विमा कंपनीला लेखी मागणी लगेच पाठवा. स्पॅनिश कायद्यात तिने मुदत खंडित होते, म्हणजे नव्याने मोजली जाते.

दुसरी चूक पासपोर्ट बघण्याची. समजा, तुमची गाडी मित्र चालवत होता आणि अपघात त्याच्या चुकीने झाला. चालवणारा मित्र आणि जखमी तुम्ही, दोघांचंही नेहमीचं वास्तव्य जर्मनीत असेल, तर मित्राविरुद्धच्या दाव्याला जर्मन कायदा लागतो, पासपोर्ट भारतीय असले तरी. मात्र त्याच गाडीत महिन्याभरासाठी पुण्याहून आलेली मित्राची आई जखमी झाली, तर तिचं वास्तव्य भारतातलं, मुलाचं जर्मनीतलं. तिच्या दाव्याला स्पॅनिश कायदा. वाहतुकीचे नियम कोणी मोडले, हे पाहताना तर सगळ्यांसाठी स्पेनचेच नियम विचारात घेतात.

कोर्ट निवडण्याआधी आणखी एक तपासा. स्पेन १९७१ च्या हेग वाहतूक-अपघात करारात आहे, जर्मनी नाही. कायदा ठरवताना तो करार वास्तव्याऐवजी गाडीची नोंदणी पाहतो. भाड्याची गाडी स्पॅनिश नंबरची, म्हणून मित्राविरुद्धचा तोच दावा स्पेनच्या कोर्टात गेला तर स्पॅनिश कायद्याने चालेल.

अपघातात माणूस गेला, तर दुसऱ्या देशातल्या नातेवाइकांना वाटतं की दुःख आपल्या घरी झालं, तर कायदाही आपला. २०१५ मध्ये युरोपीय न्यायालयाने हे अप्रत्यक्ष परिणाम ठरवले, कायदा अपघातस्थळाचाच.

बदनामीच्या दाव्यांना ‘रोम दोन’ नियमावली लागूच नाही. तिथे दावा ज्या देशात, त्या देशाचे स्वतःचे नियम पाहा.