खाऱ्या पाण्याच्या नव्या टाकीत सुरुवातीला येणारे शेवाळ कसे आटोक्यात ठेवावे

मासे पाळण्यासाठी खाऱ्या पाण्याची टाकी नव्याने उभारली की पहिल्या काही आठवड्यांतच वाळूवर आणि काचेवर तपकिरी थर धरू लागतो. हा बिघाड नव्हे. अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणाऱ्या जिवाणूंना खडकांत स्थिरावण्यास साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत बरीचशी जागा रिकामी असते आणि सर्वांत झपाट्याने वाढणारे जीव ती बळकावतात. त्यामुळे सुरुवातीच्या काही महिन्यांत शेवाळाचा नायनाट करण्याच्या मागे न लागता त्याला मर्यादेत ठेवावे आणि कोणताही उपाय योजण्यापूर्वी ते नेमके कोणते आहे हे ओळखावे.

बोट फिरवताच धुळीसारखा उडणारा तपकिरी थर बहुधा डायटमचा, म्हणजे सूक्ष्म एकपेशीय शेवाळाचा असतो. डायटमचे कवच सिलिकाचे असल्यामुळे नळाच्या पाण्यातून आणि नव्या वाळूतून येणाऱ्या सिलिकेटवर ते पोसले जातात. मीठ मिसळण्यासाठी आणि बाष्पीभवनाने घटलेल्या पाण्याची भर घालण्यासाठी आरओ-डीआय, म्हणजे गाळून क्षार काढून टाकलेले पाणीच वापरावे आणि त्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या पदार्थांचे प्रमाण, शून्य असल्याची खात्री करावी. सिलिकेट संपत आले की हा थर सहसा काही आठवड्यांत आपोआप ओसरतो, त्यामुळे तेवढ्यासाठी औषधे घालण्याची गरज नाही.

त्यानंतर येणारे हिरवे, केसांसारखे शेवाळ मात्र आपोआप जाईल अशी वाट पाहत बसू नये. नायट्रेट आणि फॉस्फेट हे त्याचे खाद्य असते, आणि चाचणीत फॉस्फेट शून्य दिसले तरी तेवढ्यावर निर्धास्त होऊ नये, कारण पाण्यातले फॉस्फेट शेवाळानेच शोषून घेतलेले असू शकते. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे ते हाताने उपटणे. पाणी बदलताना काढलेले टाकीचेच पाणी बादलीत घेऊन त्यात खडक धरावा, टूथब्रशला शेवाळाचे पुंजके गुंडाळून मुळापासून ओढावेत, खडक त्याच पाण्यात खळबळून परत ठेवावा आणि बादलीतले पाणी फेकून द्यावे. खडक टाकीतच घासल्यास सुटलेले तुकडे पाण्यात पसरून दुसरीकडे रुजतात. दर आठवड्याला सुमारे १० टक्के पाणी बदलावे, गोठवलेले खाद्य गाळणीत धुऊन मगच घालावे आणि मासे दोन-तीन मिनिटांत संपवतील एवढेच द्यावे. प्रवाळ नसलेल्या टाकीला दिवसाकाठी सहा तासांचा प्रकाश पुरेसा होतो. टाकीत प्रकाशावर जगणारे काही नसेल, तर जिवाणू स्थिरावेपर्यंत दिवे बंद ठेवले तरी चालतात.

अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्यावर आणि खायला पुरेसे शेवाळ दिसू लागल्यावरच ट्रोकस किंवा अ‍ॅस्ट्रिया गोगलगायी आणाव्यात. सुरुवातीला थोड्याच सोडाव्यात, कारण शेवाळ संपले की त्या उपाशी मरतात आणि कुजून पुन्हा अमोनिया वाढवतात. क्षारतेतील अचानक बदल त्यांना मानवत नाही, म्हणून टाकीचे पाणी थेंबाथेंबाने मिसळत त्यांना हळूहळू सरावू द्यावे. तांबे असलेली शेवाळनाशके कधीही वापरू नयेत, कारण ती गोगलगायी आणि कोळंब्यांसाठी प्राणघातक ठरतात.

लालसर, मखमली आणि सायीसारखा सोलून निघणारा थर हे शेवाळ नसून सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशावर वाढणारे जिवाणू असतात. तो नळीने शोषून काढावा आणि पाणी साचून राहते त्या कोपऱ्याकडे पॉवरहेडचे, म्हणजे टाकीत प्रवाह निर्माण करणाऱ्या पंपाचे तोंड वळवावे.

खरी गफलत होते ती डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्म एकपेशीय जीव ओळखण्यात. रंग डायटमसारखाच तपकिरी, पण चिकट तारा, त्यांत अडकलेले हवेचे बुडबुडे आणि रात्री दिवे बंद झाल्यावर विरळ होणारा थर ही त्यांची लक्षणे आहेत. शंका असल्यास सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे. नायट्रेट आणि फॉस्फेट जवळजवळ शून्यावर गेलेल्या टाकीत ते बळावतात, त्यामुळे इतर शेवाळासाठी योग्य असलेले उपाय, म्हणजे वारंवार पाणी बदलणे आणि फॉस्फेट शोषणारी माध्यमे वापरणे, येथे उलटेच पडतात. नायट्रेट साधारण ५ ते १० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम या पट्ट्यात राखणे दोन्ही बाजूंनी सुरक्षित असते, आणि आकडे वाढले असतील तर ते काही आठवड्यांत हळूहळूच उतरवावेत.

खडकावर गुलाबी-जांभळे कठीण ठिपके दिसू लागले तर ते घासू नयेत. ते कॅल्शियमचा थर बनवणारे कोरलाइन शेवाळ असते आणि ते पसरेल तशी केसाळ शेवाळाला रुजण्यासाठी जागा कमी उरते. समोरच्या काचेवर आलेले तेवढे पात्याने खरवडून काढावे.