अमेरिकी क्राइम मालिकेतली महिला सैनिक: पटकथेत या चुका टाळा

अमेरिकी क्राइम मालिकेतला 'लष्करवाला' भाग न बघताही सांगता येतो. सुरुवातीला गणवेशातल्या बाईचं प्रेत, नाहीतर बारमध्ये कुणावर तरी तुटून पडलेली माजी सैनिक. पंधराव्या मिनिटाला कळतं की तैनातीवर असताना तिच्यावर बलात्कार झाला होता. तिसाव्या मिनिटाला डिटेक्टिव्ह कर्नलच्या टेबलावर मूठ आपटतो आणि बेचाळिसाव्या मिनिटाला बेड्या. लिहिणाऱ्याला विषयाची कणव नसते असं नाही, पण घाई फार असते. त्या घाईत आधी कागदपत्रं उडतात, आणि या विषयातलं निम्मं नाट्य तर तिथेच असतं.

'तिने तक्रार केली' एवढ्यावर भागवणं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच, आणि पुढचा सगळा भाग तिच्यामुळेच ढासळतो. २००५ पासून अमेरिकी लष्करात तक्रारीचे दोन मार्ग आहेत: रिस्ट्रिक्टेड आणि अनरिस्ट्रिक्टेड. कोणता घ्यायचा ते डीडी २९१० या फॉर्मवर सही करून ठरतं. रिस्ट्रिक्टेडमध्ये तिला उपचार आणि मदतनीस मिळतात, तपासणी करून पुरावेही गोळा करता येतात. पण तिचं नाव कमांडरपर्यंत जात नाही आणि तपास सुरू होत नाही. अनरिस्ट्रिक्टेडमध्ये तपास यंत्रणा आणि कमांड दोघांनाही कळतं. पहिल्यावरून दुसऱ्यावर नंतर जाता येतं, उलट मात्र येता येत नाही.

आता मालिकेत बघा. तिने गुपचूप तक्रार केली आणि पुढच्याच सीनमध्ये लॅबमधून फोन येतो, 'डीएनए जुळला.' कसा जुळला? रिस्ट्रिक्टेड प्रकरणातलं किट तपासणीसाठी लॅबमध्ये जातच नाही. त्यावर नावाऐवजी क्रमांक घालून ते जपून ठेवलं जातं, ती पुढे मन बदलेल या शक्यतेसाठी. आणि तपास सुरू असलेल्या प्रकरणातही नमुने एनसीआयएसच्या, म्हणजे नौदलाच्या गुन्हे तपास खात्याच्या, तळघरातल्या हुशार मुलीकडे जात नाहीत. ते जॉर्जियातल्या लष्करी गुन्हे प्रयोगशाळेत जातात आणि तिथे रांगेत पडून राहतात.

दुसरा नेहमीचा सीन: ती सार्जंटला विश्वासात घेऊन सगळं सांगते. तो म्हणतो, 'माझ्यापाशीच राहील,' आणि ते खरंच त्याच्यापाशी राहतं. बरीच वर्षं नियम असा होता की कमांडच्या साखळीत कळलं की ते तपास यंत्रणेकडे पोचवलंच पाहिजे, म्हणजे गुप्ततेचा मार्ग तिथेच बंद. चॅप्लेनला, म्हणजे लष्करातल्या धर्मगुरूला, सांगितलेलं गुप्त राहतं, पण रिस्ट्रिक्टेड तक्रार तो नोंदवून घेऊ शकत नाही. मन कुणापाशी मोकळं करायचं हाच पेच आहे. तो सोडून पटकथाकार गाड्यांचा पाठलाग का लिहितात, देव जाणे.

उपाय साधा आहे. पहिला सीन लिहिण्याआधी एका कागदावर दोन वर्षं लिहा: हल्ल्याचं आणि तक्रारीचं. २००५ आधीच्या गोष्टीत रिस्ट्रिक्टेड हा शब्दच येऊ देऊ नका. लष्कराने खास पीडितेसाठी दिलेला वकील हवाय? हवाई दलाने ती सोय २०१३ च्या सुरुवातीला आणली, बाकीच्या दलांत ती त्यानंतर पसरली. आरोपीने आधीही हेच केलंय का, हे रिस्ट्रिक्टेड तक्रार करणारीला पडताळता यावं म्हणून कॅच नावाची गोपनीय नोंदव्यवस्था २०१९ मध्ये सुरू झाली. खटला भरायचा की नाही हा निर्णय अशा गुन्ह्यांत कमांडरच्या हातून काढून स्वतंत्र लष्करी अभियोक्त्यांकडे गेला तो थेट डिसेंबर २०२३ मध्ये. २०१० च्या गोष्टीत हे सगळं कोंबलं की जाणकार तिथेच चॅनल बदलतो.

एक नीच कर्नल आणि बाकी सगळे सज्जन

खलनायक एकच ठेवला की सोपं जातं. त्याला पकडला की संस्था सुटली. तपास अधिकारी तर देवदूतच! एनसीआयएस हे नाव २००३ पासून त्याच नावाच्या मालिकेने घरोघरी पोचवलं, पण ते नाव त्या खात्याला मिळालं कसं, हे फार थोड्यांना माहीत असतं.

सप्टेंबर १९९१, लास व्हेगासचं हिल्टन हॉटेल. नौदल आणि मरीन वैमानिकांच्या टेलहूक संघटनेचं अधिवेशन. तिसऱ्या मजल्यावरच्या कॉरिडॉरमध्ये दोन्ही बाजूंना अधिकारी उभे आणि मधून जाणाऱ्या बायकांवर हात टाकणं चालू. लेफ्टनंट पॉला कॉफलिन स्वतः हेलिकॉप्टर वैमानिक आणि एका रिअर ॲडमिरलच्या एड-डी-कॅम्प, म्हणजे खास सहायक अधिकारी. त्यांनी आपल्या साहेबांना सांगितलं. पुढे नौदलाच्याच तपास खात्याने चौकशी केली आणि तिच्यातून हाती फारसं काही लागलं नाही. जून १९९२ मध्ये कॉफलिन टीव्हीवर नावानिशी बोलल्या, त्याच महिन्यात नौदलमंत्र्यांनी राजीनामा दिला. मग पेंटागॉनच्या महानिरीक्षकांनी नव्याने चौकशी केली आणि पीडितांचा आकडा आला ८३ स्त्रिया आणि ७ पुरुष. कोर्ट मार्शलमध्ये दोषी किती ठरले? एकही नाही. १९९४ मध्ये कॉफलिन यांनी नौदल सोडलं. आणि ते तपास खातं? या प्रकरणात अब्रू गेल्यावर त्याची फेररचना झाली, नागरी संचालक आला आणि नाव झालं एनसीआयएस.

आता या गोष्टीत तुमचा 'एक नीच कर्नल' शोधा. सापडणार नाही. कॉरिडॉरभर माणसं होती आणि बहुतेकांना नेमकं काही आठवत नव्हतं. प्रत्येक मसुद्यात निदान एक असा माणूस ठेवावा, ज्याने स्वतः काहीच केलं नाही, फक्त सही करायला तीन आठवडे लावले. तो खलनायकापेक्षा जास्त खरा वाटतो.

'तू तर सैनिक, मग प्रतिकार का नाही केलास?'

डिटेक्टिव्हने हा प्रश्न विचारायला हरकत नाही. तो विचारला जातोच. चूक होते ती पटकथा त्याला उत्तर देत नाही तेव्हा. तीव्र भीतीत शरीर गोठतं, हात उचलत नाही, आवाज फुटत नाही, आणि प्रशिक्षणाने ते हमखास टळत नाही. शिवाय प्रशिक्षण असतं समोरच्या शत्रूसाठी. इथे समोर असतो तिच्याच तुकडीतला माणूस, कधी तर तिच्या रजेवर आणि मूल्यांकनावर सही करणारा. फ्लॅशबॅकही सिनेमासारखा सरळ, घड्याळाच्या क्रमाने दाखवू नका. आठवतं ते तुटक: एखादा वास, जनरेटरचा आवाज, बुटाची नाडी.

बारीकसारीक, पण डोळ्यात खुपणारं

पुरावे प्लास्टिकच्या पिशवीत भरू नका. ओल राहिली की नमुने खराब होतात, म्हणून कागदी पिशव्या वापरतात, आणि प्रत्येक कपड्याला वेगळी. पीडितेची वैद्यकीय तपासणी काही तास चालते, आणि त्यातली कोणतीही पायरी ती नाकारू शकते.

कोर्ट मार्शलमध्ये बारा ज्युरर आणि एकमताचा निकाल? नाही. २०१९ पासून जनरल कोर्ट मार्शलमध्ये, मृत्युदंडाचं प्रकरण नसेल तर, आठ सदस्य असतात आणि दोषी ठरवायला त्यांपैकी सहा पुरतात. सदस्यही लष्करातलेच.

न्यूयॉर्कच्या डिटेक्टिव्हने बिल्ला दाखवत तळावर घुसून अटक करू नये. पण गुन्हा तळाबाहेर झाला म्हणून लष्कराचे हात बांधलेले असतात असंही नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८७ च्या सोलोरिओ निकालापासून आरोपी सेवेत आहे एवढं कोर्ट मार्शलला पुरतं.

भूदलातला कॅप्टन आणि नौदलातला कॅप्टन यांत तीन हुद्द्यांचं अंतर आहे. आणि मरीन दलातल्या माणसाला 'सोल्जर' म्हणायचं नाही, तो शब्द भूदलाचा. कधीच नाही.

पीडिता शेवटी खुनी निघते हा धक्का आता कुणालाच बसत नाही.

गणवेश उतरल्यानंतर

इथे पटकथाकार बाटली, बंदूक आणि अंधारी खोली दाखवून मोकळे होतात. खरं तर माजी सैनिकांच्या आरोग्य खात्यात प्रत्येकाला सेवेत असताना झालेल्या लैंगिक अत्याचाराबद्दल किंवा छळाबद्दल विचारलं जातं, आणि दर तीन स्त्रियांमागे एक आणि दर पन्नास पुरुषांमागे एक 'हो' म्हणतो. त्यासंबंधीचे उपचार मोफत असतात, आधी तक्रार केल्याचा पुरावा लागत नाही. भरपाईचा दावा मात्र वेगळा. तक्रारच नोंदलेली नसेल तर खातं खुणा शोधतं: अचानक मागितलेली बदली, घसरलेलं मूल्यांकन, गरोदरपणाची चाचणी, खोलीतल्या मैत्रिणीचं पत्र. दहा वर्षांनी ट्रंक उघडून हे कागद जमवणारी बाई दाखवा. त्यासाठी एकही गोळी झाडावी लागत नाही.

आणि तो पन्नासातला एक पुरुष. सैन्यात पुरुषांचीच संख्या कितीतरी जास्त, त्यामुळे टक्का लहान दिसला तरी माणसं थोडी नाहीत. २०२१ साठी पेंटागॉनचा अंदाज होता की सेवेतल्या ८.४ टक्के स्त्रियांना आणि १.५ टक्के पुरुषांना नकोसा लैंगिक स्पर्श किंवा अत्याचार सोसावा लागला. तरी मालिकांमध्ये तो आला तर बहुधा संशयित म्हणूनच येतो.